वेडा कोणाला म्हणावे?

(वर्षावासात हाटकेश, मिरारोड येथे उपासक-उपासिकांसमोर केलेले प्रवचन)



त्रिसरण-पंचशील आपण आताच ग्रहण केले. आजचा विषय ग्रंथातून काढलेला नाही, तो आपल्या घरांतून आला आहे. ‘वेडा’ हा शब्द आपल्या तोंडी किती सहज येतो पाहा. पोराने हट्ट केला, वेडे. नवऱ्याने पगार उधळला, वेडा. कोणी आपले ऐकले नाही की म्हणायचे, ‘याला ठाण्याला पाठवा’. ठाणे म्हणजे तेथील १९०१ साली सुरू झालेले मनोरुग्णालय. हाटकेशहून काशीमिऱ्याला जाऊन घोडबंदर रस्ता धरला की ठाणे काही लांब नाही. पण ‘ठाण्याला पाठवा’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकले आहे?

एका घराची हकीगत सांगतो. नाव सांगणार नाही, आणि सांगण्याची गरजही नाही, कारण अशी घरे पुष्कळ आहेत. घरातल्या कर्त्या मुलाने धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा उतरवला आणि भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. गावाकडचे चुलते आले. त्यांनी भिंत पाहिली आणि भावकीत जाऊन सांगितले, ‘पोरगं कामातून गेलं, डोक्यावर परिणाम झालाय.’ पुढे सहा महिन्यांनी त्याच घरात सून बाळंत झाली. आठ-दहा दिवसांनी तिची झोप उडाली. ती रात्रभर भिंतीशी बोलू लागली. बाळ माझे नाही, कोणी बदलले, असे म्हणून त्याला जवळ घेईना. तेव्हा तेच घर, देव्हारा उतरवणारे घर, म्हणू लागले, ‘बाहेरचं असेल.’ कोणी गंडा बांधला, कोणी लिंबू उतरवले, आणि कोणी हळूच म्हणाले की देव घराबाहेर काढल्याचाच हा कोप. असे तीन आठवडे गेले. मग ती डॉक्टरांपर्यंत पोहोचली. औषधोपचाराने काही महिन्यांत ती बरी झाली.

ज्याला काहीही आजार नव्हता त्याला वेडा ठरवले गेले, आणि जिला आजार होता तिला आजारी म्हणायला कोणी तयार नव्हते. हे दोन्ही एकाच वर्षी, एकाच छपराखाली घडले. म्हणून हा शब्द तपासून घेणे आवश्यक आहे. तो कोणाला लावायचा, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून?

मानसशास्त्रात ‘वेडा’ असा शब्द नाही. तेथे ‘अपसामान्य वर्तन’ असा शब्द आहे. म्हणजे सामान्यापासून ढळलेले वर्तन. पण सामान्य म्हणजे काय? येथेच खरी अडचण सुरू होते, आणि मानसशास्त्रज्ञही तिच्याशी पुष्कळ वर्षे झगडले आहेत.

पहिला निकष संख्येचा. जे बहुतेकांत आढळते ते सामान्य, जे क्वचित आढळते ते अपसामान्य. उंची-वजन मोजायला हा निकष चालतो. माणसाचे मन मोजायला लागलो की तो हसे करून घेतो. १९०७ साली महार समाजातला एक मुलगा मुंबईत मॅट्रिक झाला. ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती की त्याच्या सत्काराची सभा भरली, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. संख्येच्या निकषाने भीमराव आंबेडकर हा मुलगा अपसामान्य ठरतो! आता उलट बाजू पाहा. एखाद्या वस्तीत दहापैकी आठ पुरुष रोज संध्याकाळी दारू पीत असतील, तर तेथे दारू पिणे संख्येने सामान्य झाले. म्हणून ते आरोग्य झाले काय? वैद्यकशास्त्र आणि आपला कायदा दारूच्या व्यसनातून येणाऱ्या मनोवस्थेला आजारातच धरतात. पाचवे शील घेताना शेजारी किती पितात हे मोजत बसू नये, ते यासाठीच.

दुसरा निकष रूढीचा. समाज ज्याला रीत म्हणतो ती मोडणारा अपसामान्य. हा निकष आपल्या अगदी ओळखीचा आहे, कारण हजारो वर्षे तो आपल्यावरच चालवला गेला. यावर थोडे थांबू.

अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हाची गोष्ट. १८५१ साली लुईझियाना राज्यात सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक निबंध वाचला. त्यात त्याने एक नवा मानसिक आजार सांगितला आणि त्याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असे भारदस्त नाव दिले. लक्षण काय, तर गुलामाला मालकाकडून पळून जाण्याची इच्छा होणे. त्याच्या प्रतिबंधाच्या उपायांत फटकेही होते. विचार करा. साखळदंडाखाली माणूस राबतो आहे, त्याला पळावेसे वाटते, आणि डॉक्टर म्हणतो की बिघाड त्याच्या डोक्यात आहे! साखळदंड बांधणाऱ्याच्या डोक्याची तपासणी करावी असे काही त्या डॉक्टरला सुचले नाही.

एवढ्या दूर जायला नको. महाड आपल्याच कोकणात आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबत हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. माणसाने तहान लागल्यावर पाणी प्यावे यापेक्षा सामान्य वर्तन कोणते? पण रूढीच्या निकषाने ते वर्तन भयंकर ठरले. पाणी पिऊन परतलेल्या माणसांवर काठ्या पडल्या. पुढे त्या तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले, आणि हे करणारे लोक गावात शहाणे म्हणून वावरले. पिण्याच्या पाण्यात शेण ओतणारा शहाणा, आणि ते ओंजळीने पिणारा बिघडलेला!

असा हा निकष आहे. म्हणून ज्या भावकीने ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असे म्हटले, तिने नवे काही केले नाही. तिच्यापाशी तेवढेच एक माप होते.

मानसशास्त्राच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, की त्याने आपले माप दुरुस्त केले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांची संघटना मनोविकारांची जी सूची प्रसिद्ध करते, तिच्यात स्पष्ट म्हटलेले आहे की माणसाचे राजकीय किंवा धार्मिक वागणे रूढीबाहेरचे असणे, अथवा त्याचा समाजाशी झगडा असणे, एवढ्याने मनोविकार ठरत नाही. समलिंगी व्यक्तींना आजारी मानणारी जुनी नोंद त्याच संघटनेने १९७३ साली काढून टाकायचे ठरवले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. आणि आपल्या देशात? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या कायद्याचे तिसरे कलम प्रत्येक नवबौद्ध घराने माहीत करून घ्यावे असे आहे. त्यात सांगितले आहे की एखाद्याची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती किंवा त्याचा धर्मसमूह पाहून तो मनोरुग्ण आहे असे ठरवता येणार नाही. आणि तो ज्या समाजात राहतो तेथील नैतिक, सामाजिक मूल्ये किंवा धार्मिक समजुती पाळत नाही, यावरूनही ठरवता येणार नाही. म्हणजे देव्हारा उतरवणारा मुलगा आता कायद्यानेही वेडा ठरू शकत नाही. चुलत्यांना हे रागाने सांगू नका, शांतपणे सांगा. ते ऐकतील तेव्हा ऐकतील.

मग मानसशास्त्र पाहते तरी काय? ते मुख्यत्वे तीन गोष्टी विचारते. या माणसाला स्वतःला यातना होत आहेत काय? त्याचे जगणे अडले आहे काय, म्हणजे झोप, जेवण, काम, अभ्यास, मुलांचे करणे, माणसांशी बोलणे? आणि त्याच्या हातून त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे काय? जोडीला हे किती दिवस चालले आहे तेही पाहतात. चार दिवस मन उदास राहिले तर तो आजार नव्हे. सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ उदासी, कशातही रस नाही, झोप-भूक गेली, जगणे नकोसे झाले, तर तेथे वैद्याचे काम सुरू होते. आणि जगणे नको अशी भाषा निघाली की दोन आठवडेही मोजत बसू नयेत.

त्या सुनेचे वागणे या तिन्ही प्रश्नांपुढे ठेवून पाहा. तिला यातना होत्या, तिचे जगणे थांबले होते, तिला आणि तान्ह्या बाळालाही धोका होता. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना असा तीव्र मनोविकार होतो. तो वैद्यकाला चांगला ठाऊक आहे, त्यावर औषध आहे, आणि तेथे एक दिवसाचा उशीरही महाग पडू शकतो. आता मुलाचे वागणे ठेवून पाहा. तो वेळेवर कामाला जात होता, नीट जेवत होता, झोपत होता, बायकामुलांशी प्रेमाने वागत होता. त्याच्यामुळे त्रास कोणाला झाला? चुलत्यांच्या अभिमानाला. तो आजार धरायचा तर सगळेच सुधारक आजारी.

येथे मला धम्माची आठवण होते. तथागतांनी आपल्या विचाराची सुरुवात रूढीपासून केली नाही, दुःखापासून केली. माणूस कोणत्या रीतीने वागतो हे त्यांनी आधी विचारले नाही. त्याला दुःख आहे काय, त्याचे कारण काय, ते जाईल काय, आणि कोणत्या मार्गाने, असे विचारले. चांगला डॉक्टर याच क्रमाने विचारतो.

अंगुत्तर निकायात रोगांविषयी एक लहानसे सुत्त आहे. शरीराचा आणि मनाचा असे दोन प्रकारचे रोग तेथे सांगितले आहेत. वर्षानुवर्षे शरीराने निरोगी राहिलेले लोक सापडतील, परंतु क्षणभरही मनाने पूर्ण निरोगी असणारे, आस्रव क्षीण झालेल्यांखेरीज, जगात विरळ, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ‘आम्ही शहाणे आणि ते वेडे’ अशी जी भिंत आपण घालतो, ती तथागतांनी घातलेली नाही. मात्र यावरून, सगळेच थोडे आजारी आहेत तर डॉक्टर कशाला, असे कोणी म्हणू नये. सर्दी सर्वांना होते म्हणून न्यूमोनियाला घरी ठेवत नाहीत.

विनयपिटकात गग्ग नावाच्या एका भिक्खूची कथा आहे. प्रवचनांत ती फारशी येत नाही, पण मला ती फार मोलाची वाटते. गग्गाचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. उपोसथाला कधी तो येई, कधी येत नसे. कधी त्याला आठवण राही, कधी राहत नसे. संघाच्या नियमाप्रमाणे सर्वांनी हजर असले पाहिजे. मग काय करावे? त्याला हाकलून द्यावे? बांधून आणावे? भगवंतांनी वेगळाच मार्ग दिला. संघाने एकत्र बसून ठराव करावा, की गग्ग भिक्खू आजारी आहे, तो येवो वा न येवो, त्याला आठवो वा न आठवो, संघाचे कार्य त्याच्यासह अथवा त्याच्याविना विधिपूर्वक होईल. अडीच हजार वर्षांपूर्वी एका समूहाने आपल्यातल्या मनोरुग्णाला न हाकलता आपला नियम त्याच्या मापाचा केला! विनयाने असेही ठरवले, की चित्त भ्रमिष्ट असताना हातून घडलेल्या गोष्टीचा दोष लागत नाही. आणि गग्ग बरा झाला, तरी काही भिक्खू त्याला जुन्या वागण्यावरून टोचत राहिले, तेव्हा त्याच्यासाठी ‘अमूळ्ह विनय’ दिला गेला. म्हणजे हा आता भ्रमिष्ट नाही, मागचे उकरून याच्यावर आरोप करू नका, असा संघाचा निर्णय.

ती सून आज बरी आहे. शेजारच्या बायका मात्र अजून तिच्या हाती त्यांचे मूल देत नाहीत, आणि सासूसुद्धा बाळाला आंघोळ घालताना तिला दूर बसवते. गग्गाला टोचणारे भिक्खू आणि आपण यांत काय फरक राहिला? मघाशी सांगितलेल्या कायद्याच्या त्याच तिसऱ्या कलमात हेही आहे, की पूर्वी उपचार घेतले होते किंवा इस्पितळात ठेवले होते, एवढ्यावरून कोणाला आज मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

आता एक अवघड प्रश्न. काही तरुण मला विचारतात, ‘गुरुजी, मग जात पाळणारेच खरे वेडे नव्हेत काय?’ प्रश्नामागची चीड मला समजते. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’च्या १९३७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हिंदूंनाच या देशातले आजारी म्हटले आहे, आणि त्या आजाराने इतरांचेही आरोग्य धोक्यात येते असे बजावले आहे. तो समाजाच्या रोगाविषयीचा इशारा होता. त्यावरून जात पाळणाऱ्या एकेका माणसाला मनोरुग्ण ठरवू नये, असे माझे मत आहे. आपल्या हातून घर भाड्याने न देणारा, आडनाव ऐकून चहाचा कप वेगळा ठेवणारा माणूस रात्री सुखाने झोपतो, सकाळी कामावर जातो, पैन्‌पैचा हिशेब चोख ठेवतो. त्याचे चित्त भ्रमिष्ट नाही. त्याच्या चित्तात द्वेष आणि मोह आहे. विनय भ्रमिष्टाला दोषमुक्त करतो, मग याला वेडा म्हटले तर तोही दोषातून सुटला! तो आजारी नाही, तो जबाबदार आहे. जबाबदार माणसाला जाब विचारता येतो.

हाच न्याय आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही लावा. दीक्षा घेतलेल्या काही घरांत आजीच्या अंगात येते. जत्रेच्या दिवसांत ढोल वाजला की ती घुमू लागते. नातवंडांना लाज वाटते, आणि तीच आता म्हणतात, ‘आजी वेडी आहे.’ अरे, कालपर्यंत तुम्हाला भावकी जे म्हणत होती, तेच तुम्ही आजीला म्हणता? साठ वर्षे तिला हीच भाषा शिकवली गेली. सण-जत्रेच्या प्रसंगी, त्या समाजाला मान्य अशा रीतीने, थोडा वेळ येऊन जाणारे असे घुमणे मानसशास्त्र आजार मानत नाही. तिला विहारात आणा, शेजारी बसवा, तिच्याशी बोला. पण जर तिच्या अंगात तिला नको असताना, वेळी-अवेळी येऊ लागले, तिचे खाणे-झोपणे सुटले, ती भेदरून राहू लागली, तर मात्र तिला डॉक्टरांकडे न्या. देवऋषाकडे नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या कायद्यासाठी अनेक वर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, हे आपण विसरू नये.

‘हे पूर्वजन्मीचे कर्म’ असे म्हणणारेही आहेत, आणि दुर्दैवाने आपल्यातही आहेत. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना हेच विचारतो. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मानेच होते काय? भगवंत त्याला पित्त, कफ, वात, ऋतूतला बदल, आघात अशी कारणे मोजून दाखवतात आणि सांगतात, की सगळे पूर्वकर्माचेच म्हणणारे लोक अनुभवाला सोडून बोलतात. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्माच्या कर्माचा सिद्धांत नाकारलेला आहे.

पटाचारेची कथा तुम्ही ऐकली असेल. नवरा सर्पदंशाने गेला, एक मूल ससाण्याने नेले, दुसरे नदीत वाहून गेले, आईबाप आणि भाऊ घर कोसळून मेले. तिचे भान हरपले. अंगावर वस्त्र राहिले नाही. लोक तिच्यावर माती, ढेकळे फेकू लागले. जेतवनात तिला लोक अडवत होते, तेव्हा भगवंत म्हणाले, तिला येऊ द्या. ते तिच्याशी बहिणीप्रमाणे बोलले, कोणी आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले, तिला भान आले. पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत अग्र ठरली. परंतु ही कथा ऐकून कोणी असे समजू नये, की परित्राणपाठ केला म्हणजे मनोविकार बरा होतो. परित्राणपाठाने धीर येतो, तो जरूर करावा. औषधाची जागा त्याला देऊ नये. विपश्यनेचेही तसेच. इगतपुरीसारख्या केंद्रांच्या नियमावलीतच सांगितलेले आहे, की गंभीर मनोविकार असलेल्यांसाठी ही शिबिरे नाहीत. ‘दहा दिवस बसला की होईल ठीक’ असा सल्ला देणाऱ्याने आधी ती नियमावली वाचावी.

काही कामाच्या गोष्टी सांगतो आणि थांबतो. १४४१६ हा सरकारचा ‘टेलिमानस’ दूरध्वनी क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. तो देव्हाऱ्याच्या जागी जी तसबीर लावली आहे तिच्याशेजारी लिहून ठेवला तरी चालेल. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तेथे तपासून, औषध देऊन घरी पाठवतात. तेथे गेले म्हणजे कायमचे कोंडले, असे नसते. जाताना रुग्णाबरोबर जो माणूस रोज घरात असतो तो जावा, दुरून आलेला मामा नको. झोप कधीपासून नाही, जेवण किती, काय बोलते, आधी कोणते औषध घेतले, हे कागदावर लिहून न्यावे, कारण तेथे गेल्यावर आठवत नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. आणि बाळंतीण असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर ते डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे. त्याप्रमाणे औषध ठरवतात.